मी ध्यानाला बसलो होतो तेव्हा

चंद्रपूर जिल्ह्यातल्या माजरीच्या एका भूमिगत कोळसा खाणीत मी बत्तीघराचा बाबू होतो. काम तसं सोपं होतं. खाली उतरणारा प्रत्येक माणूस खिडकीशी येऊन आपला पितळी बिल्ला माझ्याकडे द्यायचा. मी तो त्याच्या नंबराच्या खिळ्याला अडकवायचो आणि त्याच नंबराची टोपीला लावायची बत्ती त्याच्या हातात ठेवायचो. पाळी सुटली की तो बत्ती परत करायचा आणि बिल्ला घेऊन घरी जायचा. पाळीनंतर एखाद्या खिळ्यावर बिल्ला उरला, तर एक माणूस अजून जमिनीखाली आहे, असा त्याचा अर्थ होता.

ऐंशी साल उलटून एखादं वर्ष झालं असेल. एका दुपारी पाळी सुटली आणि एकशे बाराच्या खिळ्यावर बिल्ला उरला. मी साहेबांना कळवलं. दोन माणसं खाली गेली. दीड तास मी खिडकीत उभा होतो आणि तेवढ्या वेळात मी त्या माणसाला मनातल्या मनात मारलं, त्याच्या बायकोला निरोप पोचवला, त्याच्या दारात उभं राहून काय बोलायचं तेही ठरवलं. मग कळलं की तो दुसऱ्या वाटेनं वर आला होता आणि मोहाच्या झाडाखाली, बत्ती डोक्यालाच ठेवून, गाढ झोपला होता. सगळे हसले. मीही हसलो.

पण त्या दिवसापासून माझं डोकं बंद होईना. सायकलवरून घरी निघायचो आणि अर्ध्या वाटेत वाटायचं, एकशे बाराच्या खिळ्यावर काहीतरी चमकलं होतं का? परत फिरायचो. खिळा रिकामा असायचा. पुन्हा निघायचो. एकदा तर घराच्या फाटकाला हात लावून परत गेलो होतो. दुसऱ्या पाळीचा बाबू म्हणाला, "तुमचं क्वार्टर दूर पडते काय आता?"

घरी मी कसा होतो ते सांगायला लाज वाटते. डोक्यात सारखी मोजणी चाललेली असली की बाहेरचा छोटा आवाजही माणसाला टोचतो. मी बायकोवर खेकसायचो, शेजारच्या रेडिओवर खेकसायचो. आमची एकच मुलगी, तेव्हा आठ वर्षांची. एका संध्याकाळी ती माझ्याजवळ बसून पाढे घोकत होती. बारा एके बारा, बारा दुणे चोवीस. आकडे ऐकून माझं काय झालं कोण जाणे, मी तिच्या हातातली पाटी हिसकावली आणि भिंतीवर फेकली. पाटीचे तुकडे झाले. मुलगी रडली नाही. तिने तुकडे गोळा केले, चौकट वेगळी ठेवली आणि मागच्या खोलीत आईजवळ जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी मी नवी पाटी आणली. ती तिने घेतली, पण माझ्याजवळ बसून पुन्हा पाढे म्हटले नाहीत.

खाणीत छताला लाकडी टेकू लावणारा एक म्हातारा मिस्त्री होता. निवृत्तीला वर्षभर राहिलं होतं. वर आला की तो सगळ्यांच्या शेवटी बत्ती द्यायचा. एक दिवस तो खिडकीशी उभा राहून माझ्याकडे बघत राहिला. मी खिळे मोजत होतो. संपले की पहिल्यापासून मोजत होतो.

"बाबू," तो म्हणाला, "हे चौथ्यांदा होय न?"

"नाई भाऊ, सवय आहे."

"सवय नाई. तुमच्या डोक्यात कोनी अडकून राह्यलं आहे. त्याले वर आना. रविवारी विहारात या."

आमच्या वसाहतीतलं विहार म्हणजे टिनाच्या छताची एक खोली, समोर बुद्धाची मूर्ती, खाली सतरंजी. वंदना झाली की लोक उठून जात. मिस्त्री आणि आणखी दोघं-तिघं मात्र भिंतीला पाठ न टेकता डोळे मिटून बसून राहत. मिस्त्री विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करून आला होता. त्याने मला फार काही सांगितलं नाही. नाकाच्या टोकाशी श्वास लागतो, तेवढा बघायचा. आत येतो, बाहेर जातो. मन पळालं तर त्याच्यावर रागवायचं नाही, हात धरून परत आणायचं. पहिल्या दिवशी मी श्वासच मोजायला लागलो. एकशे चाळीसपर्यंत मोजले आणि उठल्यावर त्याला सांगितलं.

"मोजू नका," तो म्हणाला. "हे बत्तीघर नाई."

तीन-चार महिने मी दर रविवारी गेलो. मग रजा काढून दहा दिवसांच्या शिबिरालाही जाऊन आलो. तिथं बोलायचं नाही, वाचायचं नाही, कोणाच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही. पहिले पाच दिवस मला पळून यावंसं वाटत होतं. सहाव्या दिवशी दुपारी डोक्यातली मोजणी थांबली. कशी थांबली ते कळलं नाही. थांबली आहे एवढंच कळलं. मी तिथं बसल्या बसल्या रडलो.

हे सगळं खरं होतं आणि अजूनही खरं आहे. मला त्यातून फायदा झाला. परत आल्यावर मी खिळे एकदाच पाहायचो आणि सायकल काढायचो. घरी आवाज चढवत नव्हतो. बायको एकदा शेजारणीला म्हणाली, "माह्या घरात आता माणूस आहे." ते ऐकून मला आनंदही झाला आणि आधी काय होतो ते आठवून खालीही पाहावंसं वाटलं.

पहिली पाळी करून मी चारच्या सुमारास घरी यायचो. हातपाय धुवून, चहा पिऊन, पाच ते सहा समोरच्या खोलीत बसायचो. क्वार्टर दोन खोल्यांचं. मधलं दार मी ओढून घ्यायचो. त्या तासात बायको कोळशाची सिगडी मागच्या अंगणात न्यायची, कारण फोडणीचा आवाज नको. मुलगी मागच्या पायरीवर बसून अभ्यास करायची. शेजारचे रेडिओ हळू करत. मैत्रीण हाक मारायला आली तर मुलगीच धावत जाऊन तोंडावर बोट ठेवायची. "बाबा बसले आहेत." हे मी कोणाला करायला सांगितलं नव्हतं, असं मी पुढं बरेच दिवस स्वतःला सांगत असे. पण एका संध्याकाळी मुलीला खोकला होता आणि मी डोळे उघडून नुसतं दाराकडे पाहिलं होतं. बायको तिला घेऊन शेजारी गेली. न सांगता सांगण्याचे असे पुष्कळ प्रकार असतात. आणि खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं. आपण बसलो की एवढी माणसं पाऊल न वाजवता चालतात, याचं सुख श्वासाच्या सुखाहून वेगळं होतं. मी दोन्हींना एकच समजलो.

त्या वर्षी पोळा होऊन गेला आणि वडशाजवळच्या गावाहून बायकोच्या बहिणीच्या बाळंतपणाचा निरोप आला. मुलीची शाळा बुडवायची नव्हती, म्हणून ती माझ्याजवळ राहिली. बायको चांदाफोर्ट स्टेशनावरून नॅरोगेजच्या छोट्या गाडीनं जाणार होती. मी तिला तिथवर पोचवायला गेलो, मुलगीही सोबत होती. गाडीत बसताना बायको मुलीला म्हणाली, "बाबाले तरास देजो नको. बसले असले का आवाज करू नको. भूक लागली तं शेजारच्या काकूले मागजो." मी शेजारीच उभा होतो. ऐकत होतो. त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

आठ दिवसांची गोष्ट होती. सकाळी मी भात टाकून जायचो, संध्याकाळचं शेजारीण पाठवायची. मुलगी आपली वेणी आपणच वाकडीतिकडी घालायची. तिसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तेव्हा तिनं आईचा रुमाल कानांवरून बांधला होता.

"काय झालं माय?"

"काई नाई. थंडी वाजते."

भाद्रपदातली उकाड्याची संध्याकाळ होती. मी एवढं तरी बघायला हवं होतं. पण पाच वाजत आले होते. मी म्हटलं, "बरं, अभ्यास कर," आणि दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशीही रुमाल होता. मी विचारलंही नाही.

पाचव्या दिवशीची बैठक माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली बैठक होती. हे लिहिताना हात अडतो, पण तसंच होतं. अंग पाण्यासारखं झालं होतं. श्वास इतका बारीक की आहे का नाही कळू नये. आणि त्यात कधीतरी मागून एक आवाज आला. मांजराचं पिल्लू कण्हतं तसा, दाबलेला. थांबला. पुन्हा आला. मी तो ऐकला. शिबिरात शिकवलं होतं की आवाज आला तर आवाज आला एवढंच जाणायचं, त्याच्यामागं जायचं नाही. मी तसंच केलं. आवाज, असं मनात म्हटलं आणि श्वासावर परत आलो. आणि परत आल्यावर मला स्वतःचं कौतुक वाटलं. आधीचा मी असतो तर ओरडलो असतो. आता बघ, पापणीसुद्धा हलली नाही.

सहा वाजता उठलो. दार उघडून मागं गेलो. मुलगी पायरीवर कुशीवर पडली होती, डावा कान दगडाला टेकवून. फ्रॉकचा कोपरा तिनं दातांत घट्ट धरला होता. रुमाल ओला होता, पिवळसर, मध्ये रक्ताचे ठिपके. अंग तापलेलं होतं. मी तिला उचललं तेव्हा तिनं फ्रॉक तोंडातून काढला आणि पहिलं वाक्य बोलली, "झालं तुमचं?"

तिला सायकलच्या दांडीवर बसवून मी वसाहतीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बॅटरीनं कानात पाहिलं. ते म्हणाले, पडदा फुटला आहे, उद्या सकाळी चंद्रपूरला मोठ्या दवाखान्यात घेऊन जा. मग विचारलं, "किती दिवसांपासून दुखतंय?"

मला सांगता येईना. मुलीनं चार बोटं दाखवली.

"चार दिवस? घरी कोण होतं?"

"मी होतो," मी म्हणालो.

डॉक्टरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चिठ्ठी लिहायला घेतली. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

चंद्रपूरला औषधं, थेंब, इंजेक्शनं झाली. पू थांबला, दुखणं गेलं. पण पडद्याचं भोक पुरतं भरलं नाही आणि त्या कानाला कमी ऐकू येऊ लागलं. कोणी डावीकडून हाक मारली की ती सगळी मान वळवून बघायची. आधी मला वाटलं, सवयीनं करते. मग लक्षात आलं.

बायको निरोप मिळताच आली. तिनं आकांत केला नाही. मुलीचा कान पाहिला, औषधांच्या बाटल्या पाहिल्या, आणि मला एवढंच विचारलं, "तुम्ही घरीच होते न?"

"होतो."

"मंग?"

मी म्हटलं, "तिनं सांगितलं नाही." हे खरं होतं. मी आवाज ऐकला होता हे मात्र बोललो नाही. ते मी मिस्त्रीला सांगितलं. तेव्हा तो निवृत्त झाला होता आणि विहाराच्या ओट्यावर बसलेला असायचा. मी सगळं सांगितलं. आवाज, मांजराच्या पिल्लासारखा, आणि मला वाटलेलं कौतुक, तेही.

"चुकलं, बाबू," तो म्हणाला. "माहं चुकलं. शिबिरात सगळे चूप असतेत, तिथं कोनाचं लेकरू नसते. घरात कसं बसाचं हे मी तुमाले सांगाले पाह्यजे होतं. मी एकटा मानूस. मले सुचलंच नाई."

मला त्याच्याकडून दुसरं काही ऐकायचं होतं. एक तर शिव्या, नाही तर दिलासा. त्यानं अपराधाचा अर्धा भाग स्वतःकडे ओढून घेतला, पण त्यामुळे माझा कमी झाला नाही. उलट त्या म्हाताऱ्यालाही मी दुखावलं असं वाटत घरी आलो.

मी बसणं सोडलं. संध्याकाळी पाच वाजता मी अंगणात सरपण लावत बसायचो, सायकल पुसायचो, काहीही करायचो. मधलं दार मी बिजागरीसकट काढून मागं उभं करून ठेवलं. डोकं पुन्हा सुरू झालं. आता त्यात खिळे नव्हते. तिसरा दिवस, चौथा दिवस, रुमाल, किती वाजता कण्हली असेल, मी तेव्हाच उठलो असतो तर पडदा वाचला असता का. हे मी शेकडो वेळा मोजून पाहिलं. हळूहळू माझा आवाजही चढू लागला. एकदा बायकोनं भाजीत मीठ कमी टाकलं म्हणून ताट सरकवलं. मुलीनं ते ताट उचललं आणि दूर ठेवलं. फोडण्यासारख्या वस्तू माझ्या हातापासून लांब करण्याची ती रीत तिला येत होती.

दोन-तीन दिवसांनी ती माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली.

"बाबा, तुम्ही आता बसत काऊन नाई?"

"नको वाटते माय."

"माह्या कानासाठी?"

मी हो म्हटलं.

ती पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही बसाले लागले तवापासून काई फेकलं नव्हतं. मले वाटलं, कान दुखून राह्यला म्हून सांगतलं अन् तुम्ही उठले, तं पयल्यासारखे होसान."

मी तोवर समजत होतो की मुलगी माझ्या ध्यानाला भ्यायली. ती ध्यानाला नव्हती भ्यायली. ध्यानाच्या आधी जो माणूस त्या घरात राहत होता, त्याला भीत होती. तो परत येऊ नये म्हणून तिनं चार दिवस फ्रॉक दातांत धरला होता. कानाचा अपराध एका संध्याकाळचा होता. हा मात्र तिच्या सगळ्या लहानपणाचा होता, आणि तो मी डोळे मिटण्याच्या कितीतरी आधी केला होता.

मी तिला जवळ घेतलं. काही वचन दिलं नाही. माझ्या वचनावर तिनं विश्वास ठेवावा असं माझ्याजवळ काही नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा बसू लागलो. मागच्या खोलीत, सिगडीच्या धगीजवळ, जिथं बायको भाकरी थापायची आणि मुलगी वह्या पसरायची. तिला मी सांगितलं, "मी बसलो असलो तरी हाक मारायची." पहिले काही दिवस तिनं मारली नाही. मग एकदा घाबरत घाबरत विचारलं, "बाबा, जिल्ह्याचं मुख्यालय कोणतं, गडचिरोलीचं?" मी डोळे उघडून उत्तर दिलं. गडचिरोली तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि तिच्या पुस्तकात अजून जुनाच नकाशा होता. त्यावर आम्ही बोललो. मग मी पुन्हा डोळे मिटले. नंतर तर ती मुद्दाम, मी उठतो का ते बघायलाही हाक मारू लागली. मी दर वेळी उठलो. भाकरीचा वास, भांडी, चौकशा, यात माझी बैठक कधीच धड झाली नाही. पाच मिनिटं शांत गेली तरी पुष्कळ. अंग पाण्यासारखं झाल्याचा तो अनुभव पुन्हा आला नाही, आणि आला असता तर मी त्याला घाबरलो असतो. पण आवाज चढणं थांबलं. एकदम नाही. वर्ष-दीड वर्ष लागलं, आणि मधे दोनदा मी घसरलो.

ती चौदा वर्षांची झाली तेव्हा चंद्रपूरच्या डॉक्टरांनी पडदा बसवण्याचं ऑपरेशन करू म्हणून सांगितलं. सकाळी तिला आत नेलं. बायको आणि मी बाहेर बाकावर बसलो. शेजारी एक गोंड बाई नातवाला मांडीवर घेऊन बसली होती, ती थोड्या वेळानं उठून गेली. मग आम्ही दोघंच राहिलो आणि मी बायकोला सांगितलं. त्या संध्याकाळी मला आवाज आला होता. मी ऐकला होता. ऐकून बसून राहिलो होतो.

ती समोरच्या भिंतीकडे पाहत म्हणाली, "मले माहीत होतं."

"कोणी सांगितलं?"

"कोन सांगते? दोन खोल्यांचं घर. त्या पायरीवर सुई पडली तरी समोर आयकू येते." मग म्हणाली, "तुमी सांगसान म्हून वाट पाह्यली. मंग वाट पाहनं सोडलं."

"सहा वर्षं बोलली नाहीस."

"काय बोलू? गाडीत बसता बसता आवाज करू नको म्हून तिले मीच सांगून गेली. तुमी आयकलं अन् उठले नाई. मी तं न आयकताच तिचं तोंड बंद करून गेली." तिनं पदर तोंडाला लावला. "तुमचं तोंड पाह्यलं का मले माहं आठवे. म्हून नाई बोलली."

तुझी चूक नाही, असं म्हणायला हवं होतं, पण ते शब्द मी मिस्त्रीच्या वेळी ऐकायला थांबलो होतो आणि मिळाले असते तरी मी ते घेतले नसते, हे मला ठाऊक होतं. मी तिचा हात धरला. सहा वर्षं आम्ही एकाच घरात, एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत राहिलो होतो.

ऑपरेशन बरं झालं. महिन्यानं डॉक्टरांनी तिच्या डाव्या कानाजवळ घड्याळ धरलं आणि ऐकू येतं का विचारलं. ती म्हणाली, "येते, पण दुरून." त्याहून जास्त ते कधी आलं नाही.

आता ती दोन मुलांची आई आहे. तिच्या घरी मी जातो तेव्हा सकाळी खिडकीजवळ अर्धा तास बसतो. नातवंडं गळ्यात पडतात, पाठीवर चढतात. ती आतून त्यांना दटावते, "आजोबा बसले आहेत ना." मी डोळे न उघडता म्हणतो, "राहू दे गं." तिला ऐकू जातं की नाही कळत नाही, कारण मी कोणत्या बाजूनं बोललो त्यावर ते असतं. मग मी उठतो, स्वयंपाकघरात जातो आणि तिच्यासमोर उभा राहून पुन्हा सांगतो.